ओयू टोलगोई बीएचपीने सोडलं कसं काय?

मंगोलियाच्या गोबी वाळवंटातल्या ओयू टोलगोईबद्दल वाचतोय. बीएचपी या खाण कंपनीने १९९७-९८ मध्ये तिथे २३ होल (खडक तपासायला ड्रिलने पाडलेली भोकं) मारले आणि मग जागा सोडली, आणि नंतर आयव्हनहो माईन्सला तिथेच तांबं-सोन्याचा अवाढव्य साठा मिळाला. त्यांच्या जिऑलॉजिस्टना दिसलंच नाही का?

खडकवेडा
दिसलं होतं की! नावातच आहे बघा, ओयू टोलगोई म्हणजे फिरोजा टेकडी, तांब्यामुळे वरचे दगड हिरवे-निळे झालेत. १९९६ मध्ये मॅग्मा कॉपरच्या टीमने ती जागा हेरली, त्याच वर्षी मॅग्मा बीएचपीने विकत घेतली. पण होल बहुतेक उथळ होते आणि मधेच तांब्याचे भाव कोसळले, मग एक्सप्लोरेशनचं बजेट कापलं आणि मंगोलियातलं काम गुंडाळलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. २००० मध्ये आयव्हनहो आली तीसुद्धा खोल काही शोधायला नाही. बीएचपीच्या शेवटच्या, २३ नंबरच्या होलमध्ये चॅल्कोसाईट हे तांब्याचं खनिज लागलं होतं, म्हणजे पाऊसपाणी मुरताना वरच्या खडकातलं तांबं विरघळून खाली जातं आणि तिथे त्याचा समृद्ध थर बनतो तो. त्याच्यामागे लागून त्यांनी शंभरावर उथळ आरसी होल मारले, त्यात नुसता चुरा वर येतो, कोअर म्हणजे खडकाची अखंड कांडी मिळत नाही. मग २००१ मध्ये खालचा मूळ खडक बघायला तीन डायमंड होल (ज्यात कोअर मिळतो ते) घेतले आणि त्यातल्या १५० नंबरने सगळं पालटलं: सलग ५०८ मीटर, तांबं ०.८१ टक्के, सोनं टनामागे १.१७ ग्रॅम. पाचशे मीटर सलग म्हणजे काय असतं हे ज्याने कोअरच्या पेट्या उघडून पाहिल्यात त्यालाच कळेल!

मुरूम
ऑलिम्पिक डॅम या तांब्याच्या साठ्याचंही बघ, दक्षिण ऑस्ट्रेलियात. १९७५ मध्ये वेस्टर्न मायनिंगच्या पहिल्याच होलमध्ये ३८ मीटर, एक टक्क्याच्या आसपास तांबं. पुढचे बरेच होल जेमतेम, आणि वर तीनशे मीटरहून जास्त साधा खडक, खनिजाची खूण नाही. तरी थांबले नाहीत आणि दहाव्या होलमध्ये १७० मीटर, २.१ टक्के. म्हणून माझं ठाम मत आहे की कुठलाही जुना प्रॉस्पेक्ट (खनिजासाठी तपासलेली जागा) 'फेल' म्हणण्याआधी होल किती मारले हे नंतर विचारा, किती खोल गेले आणि कशाच्या शोधात मारले ते आधी विचारा.

(प्रश्नकर्ता)
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी नुसते होल मोजत बसलो. मग बीएचपीला शेवटी काहीच नाही मिळालं?

खडकवेडा
मिळालं ना, २ टक्के रॉयल्टी, म्हणजे पुढच्या उत्पादनातला हिस्सा, ठेवली होती, ती आयव्हनहोने २००३ मध्ये ३.७ कोटी डॉलरला विकत घेतली. तोपर्यंत उत्तरेकडचा ह्यूगो डमेट नावाचा साठा सापडला होता, तो तर पूर्ण जमिनीखाली गाडलेला. तिथलं भूमिगत उत्पादन सुरू व्हायला २०२३ उजाडलं.