रॉस ब्रॉन: एका पौंडाचा जगज्जेता की होंडाच्या पैशांचा?

गियरवेडा:
२००९ चा फॉर्म्युला वन मोसम म्हटला की सगळे तीच कहाणी सांगतात. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने गाशा गुंडाळला, त्यांचाच संघप्रमुख रॉस ब्रॉनने संघ एका पौंडात घेतला आणि २००९ मध्ये ड्रायव्हर्स आणि संघ अशी दोन्ही अजिंक्यपदं मारली. ऐकायला झकास! पण ती गाडी घडली होंडाच्या पैशांवर. डबल डिफ्युझरची (गाडीच्या तळाशी मागे, नियमांतल्या पळवाटेतून बसवलेला, पकड वाढवणारा दुमजली भाग) कल्पनाही ब्रॉनची नव्हे, ती जपानी इंजिनियरांकडून आली. माणूस व्यवस्थापक म्हणून उत्तम, पण 'जादूगार' हे बिरुद फुगवलेलं आहे.

सुस्साट:
अहो, पैसा होंडाकडे आधीही होता, मग आधी का नाही जिंकले? २००८ ची गाडी वाऱ्यावर सोडून सगळा जोर पुढच्या वर्षीच्या नियमांवर लावायचा, हा निर्णय ब्रॉनचाच. अख्ख्या मोसमात १४ गुण, संघ नववा. तेवढं हसं झेलायला छाती लागते. त्यात ऐन वेळी होंडाचं इंजिन गेलं आणि मर्सिडीजचं आलं. ते बसवायला चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, मागचा भाग कापावा लागला! आणि डिफ्युझरची पळवाट त्याने लपवलीही नव्हती. नियम आणखी घट्ट करा, असं त्याने बाकी संघांना आधीच सुचवलं होतं, असं तो स्वतः सांगतो. कुणी मनावर घेतलं नाही.

गियरवेडा:
आधी सुचवायचं, मग तीच पळवाट वापरायची. बेरकी आहे, एवढं मान्य. पण त्याचा ड्रायव्हर जेन्सन बटनने पहिल्या ७ पैकी ६ शर्यती जिंकल्या आणि नंतर एकही नाही, ते का? पैसा आटला, गाडी तिथेच राहिली.

पिटलेन:
नंतर संघातल्या दुसऱ्या ड्रायव्हरने, बॅरिकेलोने, व्हॅलेन्सिया आणि मॉन्झा मारलं, ते विसरलात वाटतं. बाकी माझ्यासाठी ब्रॉन म्हणजे हंगेरी १९९८, तेव्हा तो आणि शूमाखर फेरारीत होते. मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या पुढे, शूमाखर तिसरा. ब्रॉनने मध्येच इंधन-टायरसाठीचे थांबे, म्हणजे पिट स्टॉप, दोनाचे तीन केले आणि रेडिओवर हिशेब दिला: १९ फेऱ्यांत २५ सेकंदांची आघाडी काढ. शूमाखर शेवटच्या वळणावर एकदा गवतातही जाऊन आला, तरी जिंकला. इंधन, टायर, ट्रॅफिक सगळं डोक्यात धरून भर शर्यतीत असा डाव मांडायचा, याला इंजिनियरिंग नाही तर काय म्हणायचं?

गियरवेडा:
स्टिअरिंगवर दुसरा कुणी असता तर त्या १९ फेऱ्यांचं हसं झालं असतं राव.

तिसरा_थांबा:
ब्रॉनचा संघ पुढे मर्सिडीजने घेतला, त्याचं कुणीच बोलत नाही. २०१० ते २०१३, ब्रॉन संघप्रमुख असताना चार वर्षांत चार विजय. तो गेला आणि २०१४ मध्ये १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. पेरलं एकाने, कापलं दुसऱ्याने. अर्थात हे दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

सुस्साट:
गियरवेडा, एकच सांगा. फेरारीकडे पैसा कायमचाच, तरी १९७९ नंतर ड्रायव्हर्सचं अजिंक्यपद नव्हतं. १९९६ मध्ये शूमाखर तिथे गेला आणि वर्षभरात बेनेटनमधून ब्रॉनही तिथे पोहोचला. २००० ते २००४, सलग पाच. हाही योगायोगच का?

गियरवेडा:
योगायोग नाही. त्याच सुमारास गाड्यांचा डिझायनर रॉरी बर्नही तिथेच आला होता. गाड्या त्याने काढल्या, नाव मात्र तुम्ही अजून घेतलं नाहीत.