मदत हवी आहे: पक्ष बघायचा की माणूस?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीची. 2027 ला विधानसभा येतेय, धाकट्या भावाचं पहिलंच मत आहे आणि तो रोज विचारतो, ताई पक्ष बघू की माणूस? मला उत्तर देता येत नाहीय.

पक्ष बघावा तर 2019 ला काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, 2022 ला तर देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेऊनसुद्धा निकालानंतर साधारण सहा महिन्यांत 11 पैकी 8 गेले. दोन तृतीयांश एकत्र गेले की आमदारकीही जात नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलेलं. माणूस बघावा तर आपले मतदारसंघ इतके लहान, तीसेक हजार मतदार, उमेदवार चतुर्थीला घरी येतो, नावाने हाक मारतो, आजारपणात गाडी पाठवतो, मग आई म्हणते त्यालाच द्यायचं, उपकार विसरायचे नाहीत. पण त्याने विधानसभेत खाणींबद्दल, पाण्याबद्दल कधी तोंड उघडलं का हे कोण बघतं?

प्रतिज्ञापत्रात गुन्हे आणि मालमत्ता कळते तेवढी मी वाचते. त्यापलीकडे तुम्ही नेमकं काय बघता? आणि आमदाराने विधानसभेत विचारलेले प्रश्न कुठे वाचायला मिळतात, कोणी शोधलेत का? प्लीज सांगा, भावाला दाखवायचंय.