चक्रीवादळ समुद्रापासून किती आत येतं? तुमचे अनुभव लिहा

‘वादळ ही किनाऱ्यावरच्यांची कटकट, आमकां कितें?’ असं डिचोली-सत्तरीकडे सर्रास ऐकू येतं. आपला गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम 65 किलोमीटर, तेव्हा ‘आत’ म्हणजे तरी किती आत, हा प्रश्न आहेच. तरीही विचारतो. किनाऱ्यापासून लांब राहून ज्यांनी वादळ भोगलं त्यांनी लिहावं, गोव्यातलं असो वा बाहेरचं. ऐकीव शक्यतो नको.

सत्तरीकर
16 मे 2021, रविवार. संचारबंदीमुळे सगळे घरातच. तौक्ते वादळ आमच्या डोक्यावरून गेलंच नाही. ते समुद्रातूनच उत्तरेला सरकत होतं आणि 17 च्या रात्री गुजरातेत ऊनाच्या बाजूला धडकलं. तरी कुळागर, म्हणजे आमची पोफळीची बाग, झोडपून काढलं. पोफळ वाकते तेवढी वाकते, मग मध्येच कडकन मोडते. पडताना शेजारच्या दोघींना घेऊन जाते, आणि खालच्या केळी, मिरीचे वेल भुईसपाट. अंगणात भिरंडांची (कोकमांची) सोलं वाळत होती, रसाचा शेवटचा पुट तेवढा राहिलेला. आई सुपं घेऊन धावली तोवर अर्धी सोलं चिखलात. छपराचे नळे परसात सापडले, तेही फुटके.

वीज यायला फार उशीर लागला. हमरस्त्याचे खांब आधी उभे राहिले, आमचा वाडा सगळ्यात शेवटी. लाईनमन बिचारे रात्रंदिवस राबत होते, त्यांना बोल नाही. पण तारांवर झुकलेल्या फांद्या एप्रिलातच छाटल्या असत्या तर एवढे खांब आडवे झाले नसते, हे माझं ठाम मत.

फोंड्याहून
आमच्याकडे त्याच दिवशी आंब्याची एक फांदी पडली आणि वीज नसल्याने विहिरीचा पंप बंद. बस्स. काही झालं नाही हाही अनुभवच ना?

माहेर लातूर, सासर म्हापसा
तौक्तेनंतर चारच महिन्यांनी माझं माहेर बुडालं, आणि तेही बंगालच्या उपसागरातल्या वादळाने! ‘गुलाब’ 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. तेलंगण ओलांडून मराठवाड्यात पोचलं तेव्हा वाऱ्यात दम उरला नव्हता, पण पाऊस असा की मांजरा नदीचं पाणी थेट सोयाबीनच्या रानात. काढणीला आलेलं पीक. भाऊ फोनवर म्हणाला, ‘तुमच्या गोव्यात समुद्र आहे आणि बुडालो आम्ही.’ ‘गुलाब’चे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा जोर धरून ‘शाहीन’ झाले आणि ओमानवर जाऊन आदळले.

दिल्लीस्थित पेडणेकर
तौक्ते दिल्लीपर्यंत आलं होतं, विसरू नका. म्हणजे त्याचा उरलासुरला पाऊस. 20 मे च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 119.3 मिलिमीटर. मे महिन्यात दिल्लीत रजई काढली, हे गावी कोणाला खरं वाटेना.

मडगावचे निवृत्त मास्तर
भूगोल शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे राहवत नाही. वादळाचं इंधन म्हणजे कोमट समुद्राची वाफ. पाणी साधारण 26-27 अंशांच्या वर हवं. जमिनीवर ती वाफ तुटते, वर झाडं-डोंगरांचं घर्षण. म्हणून वारा बहुधा एक-दोन दिवसांत ढेपाळतो. पण ढगातलं पाणी कुठे जाणार? वाटेत डोंगर आला की हवा वर चढते, थंड होते आणि कोसळते. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझी भाची अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलजवळ असते. गाव डोंगरात, 650 मीटर उंचीवर, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री हेलीन हरिकेन फ्लोरिडाला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे 1916 च्या पुरालाही मागे टाकणारा पूर. आधीच्या पावसाने जमीन भिजलेलीच होती. नळाचं पिण्याजोगं पाणी नोव्हेंबरात सुरळीत झालं. पूरविमा? डोंगरात राहून कोण काढतो, म्हणाली.

फोंड्याहून
सत्तरीकर, मोडलेल्या पोफळींच्या जागी काय लावलंत?

सत्तरीकर
पोफळीच. त्या धरायला पाच-सहा वर्षं जातात, म्हणून मधे केळी घातल्या. आणि सोलं आता वाळतात ती पडवीत, मे उजाडला की अंगणात नाही.