भात, गहू, दूध, नारळ, डाळी सगळंच बंद केलं तर वजन किती उतरेल?

वेंगुर्ल्याची_वाट

नमस्कार. वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो, कंबर ९२ सेंमी. बैठं काम. वजन उतरवण्यासाठी पाच गोष्टी पूर्ण बंद करायचा विचार आहे: भात (पेज, घावणे, आंबोळी, भाकरी सगळं धरून), गहू, दूध-दही, ओला नारळ आणि सगळ्या डाळी-कडधान्यं. मग राहतात मासे, अंडी, भाज्या आणि फळं.

सध्याचं खाणं काट्यावर मोजलंय. सकाळी पेजेला उकडे तांदूळ ५० ग्रॅम, दुपारच्या भाताला १००, रात्री ७०. चार माणसांना दिवसाला एक नारळ. तेल चौघांत महिन्याला चार लिटर. चहा तीनदा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर, सोबत खारी किंवा बिस्किटं. मासे बहुतेक दुपारीच, एखादा बांगडा किंवा सुरमईची एक तुकडी.

विचारायचं आहे ते असं: एवढं बंद केलं तर किती उतरेल, त्यात धोका काय, आणि जे बंद होतंय त्याच्या बदल्यात काय खायचं?

---

ताटवाटी

ताई, मोजून लिहिलंत म्हणून नीट हिशेब मांडता येतो.

तुमच्या वय-उंची-वजनाला आणि बैठ्या कामाला रोज साधारण १९०० कॅलरी लागतात. आत्ता पोटात काय जातंय ते बघा. कोरडे तांदूळ २२० ग्रॅम म्हणजे साधारण ७७०. तेल माणशी रोज ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २७०. नारळाचा चव (खोवलेला ओला नारळ) माणशी ७० ग्रॅम धरला तर अडीचशेच्या वर. चहा दूध-साखरेसकट सव्वादोनशे, खारी-बिस्किटं दोनशे. मासे, डाळ, भाजी मिळून तीनशे. बेरीज दोन हजारांवर जाते. वजन हळूहळू वाढतंय ते यातून. त्यात एकटा भात गुन्हेगार नाही, तेल, नारळ आणि चहाची ताटली मिळून भाताहून जास्त भरतात.

आता तुमचा बेत. दोन अंडी, २०० ग्रॅम मासे, ४०० ग्रॅम भाज्या, दोन फळं, चार चमचे तेल. हे सगळं ८५० कॅलरींच्या आसपास येतं. ८०० च्या आसपासचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, घरच्या घरी करण्यातला तो नाही. वजन आठवड्याला दीड किलोच्या वर उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येईल. त्यातली बरीचशी चरबी नसेल. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा साठा असतो, तो प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-गहू बंद झाला की साठा संपतो आणि पाणीही जातं. पुढे एका लग्नाला दोन वेळा भात जेवलात की तेच पाणी परत येतं, आणि "भात खाल्ला की वजन वाढतं" असा समज पक्का होतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी पडल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर उतरतं, आणि तेवढंच टिकतं.

माझं मत: एकही गट पूर्ण बंद करू नका. तांदूळ २२० वरून १२० ग्रॅमवर आणा. तेल १८ ग्रॅमवर, चव ३० ग्रॅमवर. चहाची साखर दिवसाला मिळून दोन चमचे. खारी-बिस्किटं पूर्ण बंद, त्यांच्या बदल्यात काही नको. यातून साडेआठशे-नऊशे वाचतात. त्यातल्या साडेतीनशे मासे, अंडी, उसळ आणि ताकावर परत खर्च करा. प्रथिनं दिवसाला ६० ते ७० ग्रॅम हवीत. ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग तेवढंच खाऊनही वजन अडून बसतं.

---

वेंगुर्ल्याची_वाट

मनापासून आभार. आणखी तीन गोष्टी. सोमवार-गुरुवार शाकाहार असतो, आणि श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत मासे-अंडी नाहीत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू आहे. दूध प्यायलं की पोट फुगतं, म्हणून ते तरी बंद करावं असं वाटतं.

---

औषधपाणी

ग्लिमेपिराइड सुरू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा, नंतर नको. ही गोळी खाण्याकडे न बघता शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तांदूळ निम्म्यावर आणला आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, एकदम भूक, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम आला तर तो हवेमुळेच असं वाटतं आणि वेळ जातो, म्हणून ग्लुकोमीटर घरात हवाच. साखर कमी निघाली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग थोडं खा. गोळीचा डोस कमी करायचा की बंद, ते डॉक्टर ठरवतील. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही.

पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं. बी-१२ मिळतं मासे, अंडी, दूध-दही यांतून. दूध-दही बंद, त्यात श्रावण ते गणपती मासेही बंद, म्हणजे त्या काळात आहारातून जवळपास शून्य. रक्त तपासाल तेव्हा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) यांच्याबरोबर बी-१२ आणि युरिक अ‍ॅसिडही बघा. भराभर वजन उतरताना युरिक अ‍ॅसिड वाढतं. शिवाय भाताच्या जागी रोज तारली, बांगडा, तिसऱ्या (शिंपले) आल्या तर ज्यांना युरिक अ‍ॅसिडचा आधीच त्रास आहे त्यांच्या पायाचा अंगठा सुजू शकतो.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (मधुमेहाच्याच गोळ्या) घेणाऱ्यांनी भात-गहू पूर्ण तोडू नये. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोनचं आम्ल साचून रुग्णालयात भरती व्हावं लागतं. मळमळ, उलट्या, धाप ही त्याची लक्षणं. बीपीच्या गोळ्या असणाऱ्यांनीही सांगून करावं, कारण भात तुटला की शरीर मीठ-पाणी बाहेर टाकतं आणि उठताना चक्कर येते.

आणि वजन उतरवायला म्हणून मिळणाऱ्या "गार्सिनिया"च्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. कोकमाच्याच कुळातलं फळ आहे म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

---

बिडाचा_तवा

वरचा हिशेब बरोबर आहे. नारळाबाबत मात्र थोडं वेगळं सांगते. चव ७० वरून ३० वर एका दिवसात आणला तर आमटी पाणचट होते, घरचे नाकं मुरडतात, आणि चव यावी म्हणून फोडणीत तेल वाढतं. जिथे नारळ नसला तरी चालतो तिथून आधी काढा. भाजीवर पेरायचा चव बंद, सोलकढी आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस फुटी कढी: चौघांना ६०० मिलि पाण्यात आगळ (कोकमाचा खारवलेला रस) तीन मोठे चमचे, ठेचलेली मिरची-लसूण, कोथिंबीर, अर्धा चमचा गूळ. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका.

भाजलेल्या वाटपात एका कवडीच्या (अर्ध्या नारळाच्या) जागी पाव नारळ घ्या आणि कांदा दुप्पट करा. तव्यावर तेल टाकायची गरज नाही, खोबऱ्यातलंच तेल सुटतं. आच मंद ठेवून रंग तपकिरी होईपर्यंत परता, काळपट झालं की वाटप कडू लागतं. ओल्या वाटपात चमचाभर भिजवलेली चण्याची डाळ वाटली तर रस्सा अंगाला धरतो.

हा रस्सा अंगाला धरणं वजनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. पातळ कढी, सार, कुळथाची पिठी यांना भात जास्त लागतो. पिठी ताटात पसरते, ती आवरायला आणखी एक डाव भात येतो, मग पिठी कमी पडते. पिठी जाडसर करा: माणशी ३० ग्रॅम पीठ, एक वाटी पाणी, लसणाची फोडणी, दोन आमसुलं. वाडग्यात घेऊन चमच्याने खा, भात शेजारी. बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट कालवण) याच कारणाने चांगलं. अंगाबरोबर रस, तिरफळाचा वास, थोड्या भातात जेवण होतं.

भात शिजल्यावर मोजू नका. उकडा तांदूळ जास्त पाणी पितो, पेजेत तर अंदाजच येत नाही. कोरडे तांदूळ मोजा, तुमचे वेगळ्या लहान टोपात शिजवा. १२० ग्रॅमची वाटणी सकाळी ३०, दुपारी ५०, रात्री ४० अशी. सकाळच्या पेजेबरोबर एक अंडं किंवा वाटीभर उसळ हवीच, नुसती पेज आणि लोणचं घेतलं तर अकरा वाजता खारीची आठवण येणारच.

तळलेल्या माशात तेल कुठे जातं ते तव्याकडे बघितलं की कळतं. तवा पुरता तापलेला नसताना रव्यात घोळवलेली तुकडी ठेवली तर रवा आधी तेल पितो आणि मग तळला जातो. तवा आधी चांगला तापवा, तांदळाचं पीठ आणि रवा समप्रमाणात घेऊन अगदी पातळ थर द्या, जास्तीचा झटकून टाका. दोन तुकड्यांना एक चहाचा चमचा तेल, झाकण, मग उलटून झाकण न ठेवता. बोंबील चिरून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून वरवंट्याखाली अर्धा तास ठेवा. पाणी निघालं नाही तर तव्यावर सुटतं, थर निघतो, आणि तो परत कुरकुरीत व्हावा म्हणून तेलाची धार पडते.

महागडी सुरमईच हवी असं नाही. दीडशे ग्रॅमच्या बांगड्यातून ८५-९० ग्रॅम मांस आणि १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुका जवळा वापरा, २० ग्रॅममध्ये दहा-बारा ग्रॅम प्रथिनं. मात्र त्यात खारटपणा बराच असतो, भाजण्याआधी दोनदा धुवा आणि भाजीत मीठ शेवटी, चाखून.

---

नाचणी_सत्त्व

दुधाबद्दल. दुधाने पोट फुगतं याचा अर्थ बहुतेक वेळा दुधातली साखर पचत नाही. दही आणि ताक अशा लोकांना सहसा चालतं, कारण विरजणाने ती साखर कमी झालेली असते. दोन आठवडे दूध बंद करून बघा, मग तीन दिवस फक्त दही, त्यानंतर तीन दिवस चहापुरतं दूध. कशाने त्रास होतो ते कळेल. एखादा पदार्थ बंद करून बघण्याची ही पद्धत त्रासाचं कारण शोधण्यासाठी आहे, वजनासाठी नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट. पाच गट एकदम तोडले तर बरं कशामुळे वाटलं हे कधीच समजत नाही.

दूध गेलं तर कॅल्शियम भरून काढा. प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणून रात्रीचा भात काढून ४० ग्रॅम नाचणीची भाकरी घ्या. काट्यासकट खाल्लेली मांदेली, चांगली शिजलेली तारली, शेवग्याचा पाला हेही उपयोगी.

गहू बंद करायचाच असेल तर त्याआधी सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. तुमच्या खाण्यात गहू फारसा दिसत नाही, तेव्हा तो सोडून वजनात फरक पडेल असं वाटत नाही.

---

ताटवाटी

आता सोमवार-गुरुवार आणि श्रावण. मूळ बेतात खरी खोट इथेच आहे. मासे-अंडी नाहीत, डाळी नाहीत, दही नाही, मग ताटात उरते भाजी आणि फळं. त्या दिवशी प्रथिनं दहा-बारा ग्रॅमच्या वर जाणार नाहीत, आणि गणपती जाईपर्यंत सलग असंच चालू राहील. तुम्ही डाळी बंद करूच नका.

शाकाहाराच्या दिवशी दुपारी काळ्या वाटाण्याची किंवा चवळीची उसळ, ५० ग्रॅम कोरडं कडधान्य. रात्री वर सांगितलेली जाड पिठी. २५० ग्रॅम दही किंवा तेवढ्या दह्याचं ताक, दिवसभरात विभागून. १२० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम शेंगदाणे, भाज्या. हे सगळं मिळून ४५ ग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत टाकल्या की आणखी १५. काळे वाटाणे दहा-बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, शक्यतो मोड आणा. गॅस होतो तो न पचणाऱ्या शर्करांमुळे, त्या या पाण्यात बऱ्याच निघून जातात. सुरुवातीला २५ ग्रॅमच घ्या, आठवड्याने वाढवा.

उपवासाची साबुदाणा खिचडी मोजून बघा: ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाणे, दोन चमचे तूप म्हणजे साधारण ४४० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम. शिवाय साखर झपाट्याने चढते. त्याऐवजी ४० ग्रॅम वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही. ग्लिमेपिराइड घेऊन निर्जळी किंवा एकभुक्त करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची ते लिहून घ्या.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर बघा. कंबर पंधरा दिवसांतून एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. चार आठवड्यांत दीड ते दोन किलो उतरले तर काहीही बदलू नका. एक किलोही उतरलं नाही तर आधी तेलाची बाटली मोजा, मग तांदूळ आणखी २० ग्रॅमने कमी करा.