मदत हवी आहे: स्पोक तुटतायत, परवा नाव आहे

सडाफटिंग_८२
चार दिवसांत मागच्या चाकाचे तीन स्पोक गेले. चाक इतकं आउट झालंय की दर फेऱ्याला ब्रेकला घासतं. इथला दुकानदार म्हणतो या मापाचा स्पोक नाही. परवा नाव पकडायचीच आहे. काय करू? कृपया लवकर सांगा.

कोकणी_बाणा
नाव म्हणजे भाऊचा धक्का ते रेवस का? मी नेलीय सायकल. मागच्या बाजूला उभी करा, पुढे पाणी उडतं.

चेन_पडली
सायकल कोणती? चाक २६ इंची की ७००सी? स्पोक कुठल्या बाजूचे तुटले, मधल्या हबकडच्या वाकणापाशी की रिमकडच्या निपलपाशी? सामान किती? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणून ठेवून दिल्यासारखं झालं हे.

सडाफटिंग_८२
अहो नर्मदा परिक्रमा, अजून कुठली नाव. अंकलेश्वरला आहे. हायब्रिड, ७००सी. स्पोक चेनच्या बाजूचे, वाकणापाशी.

बडोदेकर
अंकलेश्वर? मग अडलंय कुठे! नर्मदेवरच्या पुलावरून पलीकडे भरूच. तिथे गिअरच्या सायकलींचं चांगलं दुकान आहे. तासाभरात मोकळे व्हाल.

मैय्याची_लेक
अहो काय सांगताय! परिक्रमेत नर्मदा मैय्या ओलांडायची नसते. दक्षिण तटावरून निघालेला माणूस समुद्रापर्यंत दक्षिण तटानंच जाणार, विमलेश्वर नाहीतर कतपोरला नावेत बसणार, पलीकडे मिठी तलाईला उतरणार. गोल्डन ब्रिज १८८१ पासून उभा आहे म्हणून त्यावरून जायचं असं नाही.

बडोदेकर
ताई, चाक दुरुस्त करून त्याच पुलावरून परत यायचं. मैय्या रागावणार आहे का?

मैय्याची_लेक
मैय्याचं मला माहीत नाही, मी रागावेन.

जुना_वारकरी
मुळात सायकलवर परिक्रमा होते का, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस, तेही अनवाणी, चातुर्मासात एका जागी मुक्काम. बाकी सगळं पर्यटन.

चेन_पडली
काका, तो वेगळा धागा काढा. @सडाफटिंग, सामान किती ते अजून सांगितलं नाहीत.

सडाफटिंग_८२
फार नाही. १७-१८ किलो असेल. सगळं मागच्या कॅरियरवर. तंबू, कपडे, स्टोव्ह, पातेलं, थोडे तांदूळ-डाळ.

चेन_पडली
थोडे म्हणजे?

सडाफटिंग_८२
तांदूळ चार किलो. डाळ दीड.

मैय्याची_लेक
अरे देवा. वाटेत जागोजाग सदाव्रत मिळतं, आश्रमात पंगतीला बसवतात. ओंकारेश्वरपासून साडेपाच किलो शिधा वाहत आलात?

चेन_पडली
झालं तर मग निदान. मागच्या चाकात चेनच्या बाजूचे स्पोक आधीच जास्त ताणलेले असतात, कारण फ्रीव्हीलला जागा द्यायला त्या बाजूनं ते उभट बसवावे लागतात. त्यात तुमचं वजन मागे, सामानही मागे. एक गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर, मग तेही जातात. एकच बदलून भागणार नाही. शिधा आजच आश्रमात देऊन टाका. तंबू पुढे हँडलला बांधा.

गिअरगुरू
टायर ट्यूबलेस करून घ्या. मी केल्यापासून एकही पंक्चर नाही.

सडाफटिंग_८२
पंक्चर नाहीये हो. स्पोक.

इतिहासप्रेमी
येताना रावेरखेडीला थांबलात का? बाजीराव पेशव्यांची समाधी त्याच तटावर आहे. २८ एप्रिल १७४०. फोटो असतील तर टाका.

पाना_१५
माझ्या वडिलांचं इस्लामपूरला सायकलचं दुकान होतं, तिथली युक्ती सांगतो. साध्या २८ इंची सायकलचा स्पोक तुमच्यापेक्षा लांब असतो आणि तो कुठल्याही गावात मिळतो. त्याचं डोकं कापा, आट्यांची बाजू तशीच ठेवा. कापलेलं टोक पक्कडीनं इंग्रजी झेडसारखं दोनदा वाकवा आणि हबच्या भोकात अडकवा. फ्रीव्हील काढावंच लागत नाही. निपलही त्याचंच घ्या, जाडी वेगळी असते. ट्यूब काढून बसवा आणि निपलच्या वर आलेलं टोक कानसीनं घासा, नाहीतर पंक्चर ठरलेलं. आधी जुन्या स्पोकशी लांबी लावून बघा, वाक मिमीभर चुकला तरी ताण येत नाही.

चेन_पडली
हे तात्पुरतंच. आणि खरं तर डोकं असलेला नवा स्पोकच...

पाना_१५
तात्पुरतंच म्हणतोय मी. माणसाला परवा नाव आहे, तुम्ही काय पुण्याहून स्पोक पाठवणार?

चेन_पडली
बरं. तेही नाही जमलं तर तुटलेल्याच्या शेजारचे, पण हबच्या *डाव्या* फ्लँजचे (कडेच्या चकतीचे) दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, चाक बरंच सरळ येईल. आणि मागच्या ब्रेकची तार सोडून ठेवा.

सुरती_मराठी
सुरत याच तटाकडे आहे. फक्त चाक घेऊन रेल्वेनं या, सायकल आश्रमात ठेवा. परत तिथूनच सुरू करा, काही मोडत नाही.

जुना_वारकरी
रेल्वे! छान.

बडोदेकर
नावेचं कुणी बोललंच नाही. ती भरतीवर सुटते, भरतीची वेळ रोज पाऊणएक तासानं पुढे सरकते. "परवा सकाळी" असं धरून बसू नका, आदल्या संध्याकाळीच काठावर जाऊन राहा. आम्ही बसनं केली तेव्हा बस पुलावरून गेली, आम्ही नावेनं. चढताना चिखल मांडीपर्यंत होता, सायकल खांद्यावरच घ्यावी लागेल.

चैत्रपालवी
वेळ नसेल तर चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा करा, मैय्या उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची. तिलकवाडा-रामपुरा, एका दिवसात होते.

सडाफटिंग_८२
हांसोटच्या अलीकडे एका म्हाताऱ्या चाचांकडे झेडवाले तीन बसवले. दुसऱ्यात लांबी चुकली, तो पुन्हा केला. चाक अजून किंचित डुलतं पण घासत नाही. शिधा दिला. पातेलं पण दिलं, घरी सांगू नका. आता कतपोरला आहे, नावाडी म्हणतो पहाटे तीनला उठवतो. पलीकडे उतरलो की उत्तर तट, वाटेत भरूच लागेलच. @बडोदेकर, ते दुकान नेमकं कुठे?

बडोदेकर
आता विचारतोय! स्टेशनजवळ. सोमवारी बंद असतं.

सडाफटिंग_८२
सोमवारीच पोचतोय बहुतेक.