2026 च्या एफ-वन नियमांत ग्राउंड इफेक्टचे बोगदे काढले, हे चुकलंच

स्लिपस्ट्रीम_सांगली
खूप दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितोच. 2022 ला फॉर्म्युला वनने ग्राउंड इफेक्ट (गाडीच्या पोटाखालच्या हवेने तिला रस्त्याकडे ओढून घ्यायची युक्ती) परत आणला ते बरोबर होतं आणि 2026 ला फ्लोअरखालचे मोठे बोगदे काढून तळ परत बराचसा सपाट केला ते चुकलं. पंखांवरून (विंगवरून) मिळवलेला डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी हवेची ओढ, मागच्याच्या जिवावर उठतो, पुढची गाडी हवा अशी घुसळून सोडते की मागच्या गाडीची फ्रंट विंग ऐन कॉर्नरमध्ये दगा देते, टायर घसरतात, तापतात आणि दोन लॅपमध्ये बिचारा मागे पडतो. तीच ओढ गाडीच्या पोटाखालून मिळाली तर हा त्रास खूप कमी होतो. एफ-वनने स्वतः दिलेले आकडे बघा, 2021 ची गाडी पुढच्याच्या 20 मीटर मागे असताना 35 टक्के डाउनफोर्स गमवायची आणि 10 मीटरवर 46 टक्के, नव्या डिझाइनमध्ये तेच 4 आणि 18. रॉस ब्रॉन आणि पॅट सिमंड्स यांच्या टीमने या डिझाइनवर एवढी मेहनत केली आणि चार सीझनमध्ये गुंडाळून टाकलं?

बॉक्सबॉक्स_पुणे
दादा, ते आकडे गाड्या ट्रॅकवर यायच्या आधीचे. टीम्सचे एरोवाले (हवेचा अभ्यास करणारे इंजिनिअर) काय हात बांधून बसणार होते का, त्यांनी फ्रंट विंगच्या एंडप्लेटमधून (विंगच्या टोकाची उभी पट्टी), फ्लोअरच्या कडांमधून आउटवॉश परत आणलाच, म्हणजे चाकामागची घाण हवा बाजूला फेकायची, आपल्या फ्लोअरला स्वच्छ हवा आणि मागच्याच्या तोंडावर सगळा कचरा. 2025 पर्यंत ड्रायव्हर परत तेच रडगाणं गात होते. आणि पॉरपॉइसिंग विसरलात? फ्लोअर गाडीला खाली ओढतो, फट इतकी बारीक होते की खालची हवाच अडते, ओढ सुटते, गाडी वर उसळते, की परत ओढ सुरू, आणि हे सरळ रस्त्यावर 300 च्या स्पीडला. 2022 ला बाकूमध्ये हॅमिल्टन गाडीतून कसा उतरला आठवा, पाठ धरून, धड उभं राहता येत नव्हतं. असल्या गाड्या मला नकोत.

अँड्रेटीचा_फॅन
पॉरपॉइसिंग काही 2022 चा शोध नाही हो. 1978 ला लोटस 79 घेऊन अँड्रेटी चॅम्पियन झाला, तेव्हा बाजूचे स्कर्ट जमिनीला टेकवून हवा आत कोंडायचे. लोटसच्या चॅपमनने लगेच पुढच्या वर्षी लोटस 80 मध्ये अजून जास्त ओढ काढायला बघितलं आणि ती गाडी अशी उसळायला लागली की पार फसली. स्कर्ट अडकला की ओढ एका क्षणात गायब, म्हणून शेवटी 1983 ला सपाट तळ सक्तीचा केला. हा धोका माहीत असताना परत त्याच वाटेला गेले याचाच मला राग आहे.

फ्लोविझ_ताई
मी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये एरो बघायचे. विंगवर लोकरीचे तुकडे टेपने चिकटवून गाडी पळवायची आणि बाजूने व्हिडिओ काढायचा, हवा चिकटून वाहत असेल तर धागे सरळ पडून राहतात, सुटली की सैरभैर फडफडतात. दुसरी गाडी पुढे ठेवली की आमच्या फ्रंट विंगचे मधले धागे आधी फडफडायचे. त्या आमच्या हळू गाड्या, तरी एवढा फरक. त्यामुळे सांगलीकरांशी मी सहमत आहे, पंखावर जितकं कमी अवलंबून राहाल तितकं चांगलं. पण फ्लोअरचं दुखणंही खरं आहे, त्याला जमिनीपासून अगदी नेमकी उंची लागते, म्हणून सस्पेन्शन दगडासारखं कडक करावं लागतं आणि गाडी खाली खाली न्यावी लागते. लास व्हेगास 2025 ला मॅक्लारेनचे नॉरिस आणि पियास्त्री दोघेही बाद झाले ते तळाची फळी झिजून 9 मिलिमीटरपेक्षा पातळ झाली म्हणूनच ना.

मोनॅको_बंद_करा
सगळे एरोवरच अडकलात. 2008 ला ड्रायव्हर धरून गाडीचं किमान वजन 605 किलो होतं, 2025 ला 800! दोन मीटर रुंद गाडी मोनॅकोत कुठून काढणार? 2024 ला तिथे पहिले दहा ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. 2026 ला रुंदी 10 सेंटीमीटरने कमी केली, वजन 768 वर आणलं, माझ्या मते हा त्या नियमांतला सगळ्यात चांगला भाग.

स्लिपस्ट्रीम_सांगली
वजन कमी केलं त्याला माझा पाठिंबाच आहे, पण त्यासाठी फ्लोअर कशाला बदलायचा? आणि ती अ‍ॅक्टिव्ह एरो, सरळ रस्त्यावर पुढच्या मागच्या दोन्ही विंग सपाट होणार, ती काही रेसिंगसाठी आणलेली नाही. इलेक्ट्रिक मोटर 120 किलोवॅटवरून 350 वर नेली, जवळजवळ निम्मी ताकद बॅटरीची, मग जास्त ड्रॅगमध्ये (हवेच्या अडथळ्यात) बॅटरी अर्ध्या रस्त्यातच संपणार, म्हणून विंग हलत्या केल्या. इंजिनासाठी एरो वाकवला, मला हे पटत नाही.

बॉक्सबॉक्स_पुणे
पण डीआरएस (ओव्हरटेकसाठी मागची विंग उघडायची सोय) गेला हे तरी माना. पूर्वी एक सेकंदाच्या आत आलं तरच मागच्याची विंग उघडायची आणि पुढचा नुसता बघत बसायचा, आता विंग सगळ्यांना, मागच्याला फक्त जादा बॅटरी. मला हे जास्त न्याय्य वाटतं.

स्लिपस्ट्रीम_सांगली
डीआरएस गेला त्याचं दुःख मलाही नाही. माझं म्हणणं एवढंच की एंडप्लेटच्या पळवाटा 2023 लाच बंद केल्या असत्या तर 2022 ची गाडी अजून पाच वर्षं चालली असती.

फ्लोविझ_ताई
दादा, तिथेच घोडं अडतं. पुढच्या सीझनचा नियम ऐन वेळी बदलायचा तर एफआयएला (नियम करणारी संस्था) टीम्सची मतं लागतात, आणि पळवाट सापडलेली टीम तिच्या विरोधात मत कशी देईल? सेफ्टीचं कारण असेल तरच एफआयए एकटी ठरवू शकते. म्हणूनच 2023 ला फ्लोअरची कड 15 मिलिमीटर वर गेली, पॉरपॉइसिंगमुळे. आउटवॉशने कोणाची पाठ दुखत नाही, म्हणून तो तसाच राहिला.