अनुभव धागा: गेममध्ये बुजरं, चारचौघांत गडबडणारं कॅरेक्टर खेळलंय का कोणी?

माळ्यावरची_मांजर

काल कूलर काढायला माळ्यावर चढले तर मागे एक जुनी फाइल सापडली, त्यात माझ्या क्लेरिकची, म्हणजे देवाच्या नावानं मंत्र करणाऱ्या कॅरेक्टरची, शीट. पेन्सिलनं लिहिलेलं करिझ्मा (लोकांवर छाप पाडायची ताकद) 6, आणि बाजूला तर्रीचा गोल डाग. तिथंच बसून सगळी वाचली, खालून आई ओरडून राहिली की कूलर काढतेस का झोपलीस.

2018 ची गोष्ट आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर होऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायचा गेम, त्याची पाचवी एडिशन, आम्ही पाच जण, नागपूरला त्रिमूर्तीनगरात एका मित्राच्या गच्चीवरची खोली, मे महिना, त्यामुळे रात्री नऊच्या आधी तिथं बसणंच शक्य नव्हतं. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज, असे सहा आकडे काढले. एक आकडा 6 आला आणि मी तो सरळ करिझ्माला लावला. सगळे म्हणे अबे तू एवढी बोलकी, सगळ्यांच्या वतीनं तूच बोलशील असं धरून बसलो होतो. पण मला माझा मामा खेळायचा होता.

मामा प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरायचा. लहानपणी वाटायचं मामाला वाढायची हौस आहे. मोठी झाल्यावर समजलं की हातात जग असला की कोणाशी बोलावं लागत नाही, "पाणी?" एवढा एकच शब्द पुरतो. तसाच माझा क्लेरिक, जातीनं ड्वार्फ, म्हणजे बुटका. कोणीही भेटलं की आधी पाण्याची पिशवी पुढे करायचा, मग खाली बघायचा.

पाचव्या लेव्हलला त्याला स्पीक विथ डेड हा मंत्र मिळाला. मुडद्याला पाच प्रश्न विचारता येतात. जिवंत माणसाच्या डोळ्यात न बघणारा हा मुडद्याजवळ मांडी घालून बसायचा आणि पहिला प्रश्न कायम एकच, "त्रास तर नाही ना होऊन राहिला?" डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, तो प्रश्न मोजायचा, पाचातला एक गेला. बाकीचे चिडायचे, पण मी शेवटपर्यंत तो प्रश्न सोडला नाही.

एका सेशनला किल्ल्याचं दार उघडायला एक बाई तयार नव्हती, तिचा नवरा आमच्याच बाजूनं लढताना मेलेला. आमच्या बार्डचे, म्हणजे गाणाऱ्या-बोलणाऱ्या कॅरेक्टरचे, समजूत घालायचे दोन रोल (फासे टाकणं) वाया गेले. मग माझा ड्वार्फ पुढे झाला आणि म्हणाला, "शेवटी पाणी मागितलं त्यांनी. मी दिलं." डीएमनं हातातला फासा खाली ठेवला. रोल मागितलाच नाही. दार उघडलं. आमच्यातला एक जण उठून बाहेर गच्चीत गेला, त्याचे बाबा त्याच वर्षी गेले होते. दहा मिनिटांनी आत आला आणि म्हणे, चला पुढे.

मामा आता नाही. त्याला हे कधी सांगितलं नाही मी. सांगायला पाहिजे होतं.

तुमचे असे कोण होते, सांगा ना.

फुटाळ्याचा_वारा

"मी दिलं" ला डोळ्यात पाणी आलं, ऑफिसच्या बसमध्ये वाचून राहिलो.

वीस_आला_रे

आमच्याकडे एका पोट्ट्याचं कॅरेक्टर होतं, त्याला समोरच्याला तू म्हणावं का तुम्ही हेच ठरवता यायचं नाही. आम्ही पूर्ण मराठीत खेळतो, इंग्रजीत असतो तर हा प्रश्नच आला नसता, तिथं एकच यू. तर हा काय करायचा, वाक्यच असं बनवायचा की दोन्ही नको. "बसायचं का?" "पाणी चालेल?" "इकडून जायचं असेल बहुतेक?" गॉब्लिनलापण तसंच, राजालापण तसंच. तीन तास एकदाही घसरला नाही बाप्पा, मी कान देऊन ऐकत होतो. आणि शेवटी ज्या दिवशी त्यानं आमच्या रोगला (चोर कॅरेक्टरला) "काऊन बे, लागलं का तुले?" म्हटलं ना, तेव्हा अख्खा टेबल ओरडला. शेजारच्या काकू बघायला आल्या का भांडण झालं म्हणून.

माळ्यावरची_मांजर

@वीस_आला_रे हे किती भारी आहे! मामा पण असंच करायचा, मामीला लग्नानंतर कितीतरी वर्षं "ऐकलं का" च म्हणायचा.

सदरवाली

ते तर आमचे बाबा अजूनही म्हणतात 😄

पडद्यामागचा_डीएम

बरीच वर्षं डीएम करतोय म्हणून थोडं मोठं लिहितो. करिझ्मा 8 म्हणजे मॉडिफायर, म्हणजे फाशाच्या आकड्यात धरायची वाढ-घट, फक्त उणे 1. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे 5 टक्के. 6 असेल तर उणे 2, म्हणजे 10 टक्के. म्हणजे 8 वाला माणूस साधारण माणसापेक्षा शंभरातून पाचच वेळा जास्त फसतो, बाकी वेळ त्याचंही काम होतं. पण लोक 8 लिहिला की लगेच तोंडच उघडत नाहीत नाहीतर सगळ्यांचा अपमान करत सुटतात. ह्याचा मला खरंच राग येतो. एका ग्रुपमध्ये एक जण प्रत्येक दुकानदाराला घाण बोलायचा आणि म्हणायचा, माझं कॅरेक्टरच ऑकवर्ड आहे. नाही. बुजरा माणूस समोरच्याचा फार विचार करतो, त्यापायीच तर अडखळतो. उर्मट माणूस विचारच करत नाही. दोन्ही वेगवेगळे आहेत. त्या ग्रुपमधली एक मुलगी त्याच्यामुळे यायची बंद झाली आणि मी वेळेवर बोललो नाही, हे अजून लागतं मला. तेव्हापासून सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी, हे स्पष्ट बोलून घेतो.

दुसरं म्हणजे वाट बघा. असा खेळाडू गप्प झाला की बाकीचे मध्ये घुसतात. मी हात वर करून सगळ्यांना थांबवतो. मनात दहा मोजतो. बहुतेक वेळा सातपर्यंत वाक्य येतं.

कूलरचं_पाणी

कूलरवरून आठवलं, वाळ्याची ताटी लावता का आता कोणी? आमच्याकडे त्या हनीकोंब पॅडनं वासच गेला उन्हाळ्याचा

सदरवाली

आम्ही अजून वाळाच लावतो. पहिलं पाणी पडलं की जो वास येतो ना, त्याच्यासाठी तरी.

अडखळत_अडखळत

माझं उलटं आहे, चालेल का इथं? मी खऱ्या आयुष्यात तोतरा आहे, लहानपणापासून. आणि मी बार्ड खेळतो, करिझ्मा 18. पहिल्या दिवशी डीएमला बाजूला घेऊन विचारलं की मला जमेल का. त्यानं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, उघडून दाखवलं, त्यात रोलप्लेचे दोन प्रकार दिलेत, एक म्हणजे कॅरेक्टर होऊन बोलायचं आणि दुसरा म्हणजे आपलं कॅरेक्टर काय बोलतो, काय करतो ते फक्त सांगायचं, गोष्ट सांगितल्यासारखं. दोन्ही सारखेच चालतात. मी दुसरा घेतला. "तो सरदाराला त्याच्या आईची आठवण करून देतो" एवढं मी म्हणतो, फासा टाकतो, झालं. ताकद 18 असलेल्या खेळाडूला कोणी खरोखरचा दगड उचलून दाखव म्हणत नाही ना, मग माझ्याकडूनच खरं भाषण कशाला पाहिजे.

आता दोन वर्षं झाली. मधे मधे मी बोलूनही दाखवतो. अडखळतो, कोणी वाक्य पूर्ण करून देत नाही. हे फार मोठं आहे माझ्यासाठी.

फुटाळ्याचा_वारा

भाऊ तो दगडवाला मुद्दा मी आमच्या ग्रुपवर टाकून राहिलो, तुझी परवानगी आहे असं धरतो

अडखळत_अडखळत

टाक टाक

नंदनवन_एक्सप्रेस

माझी ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं कॅरेक्टर) माणसांसमोर गप्प आणि जनावरांसमोर धबधबा. स्पीक विथ ॲनिमल्स हा मंत्र पहिल्याच लेव्हलचा आहे, दहा मिनिटं टिकतो, आणि रिच्युअल म्हणजे विधी म्हणून केला तर स्लॉट (मंत्र वापरायचा ठरलेला कोटा) पण जात नाही, फक्त करायला दहा मिनिटं जास्त लागतात. त्यामुळे प्रत्येक गावात शिरायच्या आधी सगळे थांबायचे आणि मी वेशीवरच्या बकरीशी बोलायची. गावात कोण आजारी आहे, कोणाकडे रात्री कंदील जळतो, सगळं बकरीला माहीत. आमच्या टोळीतले वाकबगार लोक पाटलाशी बोलून जेवढं काढायचे त्याच्या दुप्पट मी काढायची. डाळ भात लावलाय, नंतर लिहिते

चिखली_ले_आउट

गर्प्स खेळलंय का कोणी? 1986 चा असाच दुसरा गेम आहे. त्यात शायनेस हा चक्क डिसॲडव्हांटेज म्हणून विकत घेता येतो, म्हणजे तू बुजरेपणा घेतलास की तुला कॅरेक्टर बनवायचे पॉइंट परत मिळतात आणि ते दुसऱ्या कशात लावता येतात. सौम्य घेतला तर 5, जास्त घेतला तर 10, अगदीच टोकाचा घेतला तर 20. कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं. त्या 10 पॉइंटांत माझं कॅरेक्टर कुलुपं उघडायला शिकलं.

चौदा_वर्षांची_आई

मी खेळत नाही, मुलगा खेळतो, 14 वर्षांचा आहे. दर रविवारी जातो. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो आणि तिकडे मात्र चार तास बसतो. त्याचं कॅरेक्टर म्हणे बोलत नाही, चिठ्ठ्या लिहून देतं. खऱ्या चिठ्ठ्या, वहीची पानं फाडून. मला काळजी वाटायची की ह्यानं तो अजूनच गप्प होईल. वरचं सगळं वाचून थोडं हलकं वाटलं. त्याला काही विचारावं का ह्याबद्दल, का नको?

पडद्यामागचा_डीएम

ताई, कसा आहेस, बोलत का नाहीस हे नका विचारू. "मग त्या चिठ्ठीत काय लिहिलंस?" एवढं विचारा. आणि चिठ्ठ्या जपून ठेवा.

अडखळत_अडखळत

+1. आणि पाहुण्यांसमोर त्याचा विषय नका काढू, प्लीज.

चौदा_वर्षांची_आई

नाही काढणार.

वीस_आला_रे

मारबतची (नागपूरची, इडापिडा घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक) गोष्ट राहिलीच. आमच्या डीएमनं तान्ह्या पोळ्याला वन शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, ठेवला होता, काळी मारबत पिवळी मारबत, बडगे, मिरवणूक, गर्दी, सगळं गेममध्ये. शेवटी भूत काढायला कोणीतरी एकट्यानं सगळ्या गर्दीसमोर आरोळी द्यायची होती, आणि उरला कोण तर तोच तू-तुम्हीवाला. आमची बाकी सगळी कॅरेक्टरं बेशुद्ध पडलेली. तो पोट्टा खुर्चीवरून उठला, डोळे मिटले आणि असा ओरडला "घेऊन जाऽऽ गे मारबत!" की खालच्या गल्लीतून कोणीतरी परत आरोळी दिली. खरी मिरवणूक बघून येणारे लोक होते ते! फासा टाकला, वीस.

चिखली_ले_आउट

नियमानं वीस आला तर हल्ल्यातच आपोआप यश असतं, स्किल चेकला नाही

वीस_आला_रे

अबे त्या दिवशी होतं

पडद्यामागचा_डीएम

त्या दिवशी मीपण दिलं असतं.

नंदनवन_एक्सप्रेस

आले. भात थोडा लागला. हां तर बकरी. कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीच्या, शेवटी ड्रुइड पहिल्यांदा माणसाशी स्वतःहून बोलली, एका गुराख्याच्या पोराशी, बकरीबद्दलच. डीएम म्हणे रोल कर, मी म्हटलं नको, तिला माहितीये काय बोलायचं ते.

कूलरचं_पाणी

मला पण खेळायचंय. फासे नाहीत माझ्याकडे. सात लागतात ना?

फुटाळ्याचा_वारा

हो, चार, सहा, आठ, बारा, वीस बाजूंचे एकेक आणि दहाचे दोन. पण ये तसाच, आम्ही पहिले चार महिने स्टीलच्या डब्यात 1 ते 20 च्या चिठ्ठ्या टाकून खेळलो.

माळ्यावरची_मांजर

आज संध्याकाळी आईला शीट दाखवली. तिला ड्वार्फ वगैरे काही समजलं नाही, पण मागे मी बारीक अक्षरात "भेटला की आधी पाणी" लिहिलंय ते तिनं वाचलं आणि बराच वेळ कागद हातात धरून बसली. मग म्हणाली, दादा लहान असताना शाळेत पण माठाजवळच बसायचा. हे मला माहीत नव्हतं. ड्वार्फच्या शीटवर लिहून घेतलं.

जुन्या ग्रुपला मेसेज टाकलाय, तिघं हो म्हणाले. रविवारी चार वाजता, आमच्याकडे, कूलर लागलाय. @कूलरचं_पाणी तुम्हीपण या. पोहे मी करते.

वीस_आला_रे

तर्री माझ्याकडे.